वीतभर वर

माघ लागला की आमच्या ओट्यावर एरंडेल तेलाचा वास येतो. तूर सोंगून झालेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, आणि दुपारचं ऊन अजून पाठीवर घ्यावंसं वाटतं, असे ते दिवस. आई कोठीच्या खोलीतून उशीची एक जुनी खोळ काढते. त्या खोळीत चामड्याच्या चपलांचा एक जोड आहे. ती तो उन्हात ठेवते, चिंधीनं पुसते, मग बोटावर तेल घेऊन पट्ट्यांना, अंगठ्याला, टाचेला चोळत बसते. तेल जिरलं की एकेक चप्पल दोन्ही हातांनी वाकवून बघते. चप्पल करकर वाजते. वाजली की आईचं समाधान होतं, आणि जोड पुन्हा खोळीत, खोळ पुन्हा कोठीत जाते.

चपला माझ्या काकाच्या आहेत. नामदेव त्याचं नाव, आम्ही नामाकाका म्हणायचो. बाबांचा धाकटा भाऊ. तो गेला तेव्हा त्याची नुकती सोयरीक जमली होती आणि मी आईच्या पदराला धरून चालायच्या वयाचा होतो. आज मी त्याच्या दुपटीहून मोठा आहे. तो मात्र दर माघात तेवढाच राहतो, मिसरूड फुटलेला आणि नव्या चपला करकर वाजवत चालणारा.

त्या वाजण्याचं त्याला भारी कौतुक होतं. पिंपळगाव राजाच्या बाजारातून त्यानं त्या खास करवून आणल्या होत्या. कारागिराला म्हणाला होता म्हणे, 'अशी बनव की मी वेशीत आलो का घरी कळलं पाह्यजे.' आणि खरंच कळायचं. गल्लीच्या तोंडाशी करकर झाली की आजी आतून म्हणायची, 'आले नवाबसाहेब, वाढा.'

आता जे सांगतो त्याला हसायचं असेल तर हसा, मीही पुष्कळदा हसतो. ती करकर माघात अजून ऐकू येते. दिवेलागणीला, गल्लीच्या तोंडाशी. मी खामगावला एका शाळेच्या कार्यालयात काम करतो, माझा भुताखेतांवर विश्वास नाही, आणि तरी त्या वेळी मी रेडिओचा आवाज बारीक करतो. आई हातातलं काम थांबवून मान वर करते. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. शीतल, माझी बायको, लग्न होऊन आली त्या पहिल्या माघात तिला या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी ती पाण्याचा तांब्या भरून ओट्यावर गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "कोन आलं होतं? चपला वाजल्या, म्हून पानी नेलं." मी म्हणालो, "दार वाजलं असेल, लाकूड फुगतं." थंडीत लाकूड फुगत नाही, आक्रसतं, हे तिलाही माहीत होतं. तिनं तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

यंदाच्या माघात आई तेल चोळत बसली होती आणि तिच्या शेजारी, त्याच ओट्यावर, मी फोनमध्ये डोकं घालून नागपूरकडच्या एका मोठ्या थीम पार्कचा नकाशा बघत होतो.

त्याचं झालं असं. ओवीच्या शाळेची सहल गेली होती. ओवी म्हणजे आमची मुलगी, सहावीत आहे. परत आली तेव्हा मी विचारलं, मजा आली का. म्हणाली, "हो, खूप. सगळ्या मुली मोठ्या झोक्यात बसल्या. मी खाली होते. सगळ्यांच्या चपला मी सांभाळल्या."

"तू का नाही बसलीस?"

"आपल्यात बसत नाहीत ना बाबा."

एखाद्या घरातली मुलगी 'आपल्यात चातुर्मासात वांगं खात नाहीत' म्हणेल तसं तिनं ते म्हटलं. तिला त्याचं दुःख नव्हतं, आणि मला नेमकं त्याचंच वाईट वाटलं. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिचा हात थांबला.

"पोरीच्या हातात चपला काऊन देल्या त्यायनं?" तिनं विचारलं.

"मीच म्हटलं द्या म्हणून," ओवी म्हणाली. "मी नीट सांभाळते, आजी. कुणाची हरवली नाही."

आई त्या रात्री जेवली नाही. सकाळी मी गाडीला किक मारत होतो तर मागून आली आणि म्हणाली, "हिले घेऊन जा कुठंतरी. तुमच्या त्या मोठ्या जत्रेत. मीबी येतो." मी गाडी बंद केली. ती पुढं म्हणाली, "उंच नाई बसाचं कोनी. पन जाऊ."

'आपल्यात बसत नाहीत' हा नियम कुणी केलेला नाही. आईनं एकदाही तोंडानं म्हटलं नाही की बसू नका. पण नागपंचमीला गावातल्या चिंचेला झोका बांधला की आमच्या घरच्या पोरी आपसूक फुगडी खेळायच्या. माळवदावर चढलो की आई खाली अंगणात येऊन उभी राहायची, उतरेपर्यंत. ओरडायची नाही, फक्त उभी राहायची. तेवढ्यानं माणूस उतरतोच. मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा लिफ्ट सोडून जिन्यानं गेलो आणि वर पोचल्यावर दम लागून नाव सांगता येईना. तरी ती नोकरी मिळाली, यावरून तिथली माणसं चांगली असावीत. शीतल देऊळगाव राजाची. बालाजीच्या जत्रेत लहानपणी एकही पाळणा तिनं सोडला नव्हता. ती म्हणते, "लग्नात आडनाव सोडलं त्याचं मला काही नाही वाटलं. पाळणा सोडला ते लागलं."

तर थरार वगळून थीम पार्क ठरवायचा होता. नवरदेव वगळून वरात ठरवायची तसं ते काम. पार्कच्या जाहिरातीत जिकडेतिकडे माणसं उलटी लटकलेली, तोंडं उघडी, केस उभे. आमच्या कामाचं काय आहे ते कुठं लिहिलेलंच नाही. मग मला एक युक्ती सापडली. जाऊन आलेल्या लोकांनी तक्रारी लिहिल्या होत्या, त्या मी वाचू लागलो. 'ही आगगाडी फारच हळू जाते, पोरांना कंटाळा येतो.' वा! 'तळ्यातल्या होडीत काहीच होत नाही.' उत्तम! जिथं कुणाचा हिरमोड झाला ते ते मी ठरवत गेलो. आगगाडी, होडी, बाहुल्यांचा खेळ, संध्याकाळचं कारंजं. शीतल पोळ्या लाटता लाटता सूचना करत होती. शनिवार-रविवार नको. आईंच्या गुडघ्यांना फार चालणं नको. जेवणाआधी होडी, नंतर नको, काही होत नाही म्हटलं तरी पाणी हलतंच. वरून काढलेल्या नकाशात झाडं कुठं आहेत ते आम्ही बोटांनी मोठं करून बघितलं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही असं कळल्यावर आई म्हणाली, "मंग मानसं खातात काय?" आणि तिनं दशम्या करायच्या ठरवल्याच.

प्रत्येक गोष्टीला तिचा एकच प्रश्न होता.

"पाय जमिनीवर राह्यतात काय?"

आगगाडीला मी हो म्हणालो. होडीवर थोडा वाद झाला, कारण पाण्याखाली जमीन असतेच, असं ओवीचं म्हणणं पडलं. ते आईनं मान्य केलं. मग ओवीनं हळूच नकाशावर एक गोल दाखवला. लाकडी घोड्यांचा फिरता खेळ. चक्रीवर घोडे लावलेले, चक्री फिरते आणि घोडे खालीवर होतात.

"किती वर?" आईनं विचारलं.

मी पार्कच्या चौकशीच्या नंबरवर फोन लावला. तिकडून एक मुलगी गोड आवाजात बोलली, "सर, आपल्याला नक्की कोणत्या राइड्समध्ये इंटरेस्ट आहे?"

"ज्यात काही होत नाही अशा," मी म्हणालो.

"सर, मग आपण येताय कशासाठी?"

हा प्रश्न खरं म्हणजे बरोबर होता. मी घोड्यांचं विचारलं, किती वर जातात. तिनं कुणाला तरी विचारून सांगितलं, फार नाही सर, असं वीतभर. मी आईला आपली वीत करून दाखवली. आईनं स्वतःची वीत ओट्याच्या फरशीवर उभी धरली आणि बघत राहिली. मग म्हणाली, "चपला काढा लागतात काय, तेवढं विचार."

मी विचारलं. ती म्हणाली, "हो सर, सगळ्याच राइड्सना. सेफ्टीसाठी."

मी फोन ठेवला. आईला सांगावं लागलं नाही. ती उठून चपलांची खोळ घेऊन आत गेली.

नामाकाकाची गोष्ट आमच्याकडे कुणी सांगत नाही, त्यामुळे मला ती तुकड्यातुकड्यानं माहीत आहे. त्या वर्षी आमच्या गावच्या माघातल्या जत्रेत पहिल्यांदा इंजिनावरचा लोखंडी पाळणा आला होता. त्याआधी असायचा तो चार पाट्यांचा, म्हणजे बसायच्या चार खोक्यांचा, लाकडी, माणसं हातानं ओढून फिरवायची. मला आठवतं ते असं. धूळ, गॅसबत्त्यांचा सूं आवाज, उसाच्या रसाचा वास, माझ्या हातात कागदाची भिंगरी. काकानं आईला खूप आग्रह केला, वैनी चला, एक डाव बसा. आई नको नको म्हणाली. मग त्यानं चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या आणि तिच्या हातात दिल्या. वर बसणाऱ्यानं चपला खालच्या माणसाकडे द्यायच्या, ही जत्रेची रीतच आहे, नाहीतर वरून लोकांच्या डोक्यात पडतात.

"धरा बरं वैनी. नव्या हायेत, कोनी घालून नेईन. मी हा आलोच."

एवढंच. पुढचं मी पाहिलं नाही, कारण वारा आला आणि मी भिंगरी फिरते का ते बघत होतो. वरची एक पाटी सुटली, काका बसला होता तीच, असं नंतर ऐकलं. मला फक्त आठवतं की एकाएकी इंजिन बंद झालं आणि सगळ्या जत्रेत फार शांत वाटलं. मी आईकडे बघितलं. ती वर बघत होती. पाळण्यावर कुणी उरलं नव्हतं तरी ती वरच बघत होती.

घरी बाया ऊर बडवून रडत होत्या. आजी जमिनीवर डोकं आपटत होती. आई भिंतीशी उभी होती आणि रडत नव्हती. कुणी तरी तिला म्हणालं, "रड व माय, रड, कोंडून नको घेऊ." पण तोंडाला पदर लावायला हात मोकळे हवेत. तिच्या हातात चपला होत्या.

तेराव्याला वहाणा दान देतात. गेलेल्याची वाट तापलेली असते, वहाण दिली नाही तर त्याचे पाय पोळतात, असं आमच्याकडे मानतात. भटजींनी वहाणा मागितल्या. आजी म्हणाली, "सूनबाई, त्याच्या चपला आन." आईनं मान हलवली. आजोबा समजावून थकले, बाबा चिडले. आई आयुष्यात सासूपुढं कधी बोलली नव्हती. तेव्हा बोलली.

"मले सांभाळाले देल्या व्हत्या त्यायनं. दान कराले नाई देल्या. मागाले आले का देईन."

बाबांनी खामगावहून नवा जोड आणला आणि तो दान दिला. पण आजीच्या मनातून ते गेलं नाही. पुढं किती तरी वर्षं, उन्हाळ्यात दुपारी ओट्यावर बसून ती रस्त्याकडे बघत म्हणायची, "माह्या पोराचे पाय पोळत असतीन." ती कुणाला उद्देशून म्हणायची नाही. आई आत भाकरी थापत ऐकायची.

मला वाटतं तेव्हापासून आई शेगावला अनवाणी जाते. देवळात चपला काढून स्टँडवर ठेवाव्या लागतात, म्हणून ती घरूनच घालत नाही. चैत्रातसुद्धा एसटीच्या तापलेल्या पत्र्यावर उघडे पाय ठेवून बसते. लोक म्हणतात काय भक्ती आहे. मी एकदा वैतागून म्हणालो, अगं, तिथं बिल्ला देतात, काही हरवत नाहीत. ती म्हणाली, "हरवाचं नाई रे. त्याचे पोळतात तं माहेबी पोळू दे थोडे." मी तिच्या तळपायांसाठी मलम आणून ठेवलं.

तर अशा घरातून आम्ही थीम पार्कला निघालो. मेहकरकडून समृद्धी महामार्गाला लागलो. डबा, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, आईसाठी उशी. गाडी भाड्यानं केली होती, आई पुढं ड्रायव्हरशेजारी आणि आम्ही तिघं मागं. ती चढताना मी तिच्या पायांकडे बघितलं आणि मला बरं वाटलं, कारण शेगावसारखं हिनं इथंही केलं तर काय, अशी मला धास्ती होती. चपला होत्या. शेजारी ओवी घोड्यांबद्दल एक शब्दही बोलत नव्हती. आजीपुढं कुठली गोष्ट बोलायची नाही हे या घरातल्या पोरांना बाळकडूतच मिळतं. मला तिचा राग आला आणि लगेच कीवही आली. अकरा वर्षांची पोर, तिनं हट्ट करायला हवा होता.

आत शिरलो आणि डोक्यावरून किंकाळ्यांची एक अख्खी गाडी गेली. आई जागच्या जागी थिजली. मी तिचा दंड धरला, म्हटलं, परत जायचं का? ती वर बघत होती. मला त्याच क्षणी ती जत्रा आठवली, तीच मान, तेच बघणं. किंकाळ्या लांब गेल्या, वळल्या, पुन्हा आल्या आणि थांबल्या. मग पलीकडच्या दारातून ती माणसं बाहेर आली. एक जाडजूड बाई हसून हसून डोळे पुसत होती. एका पोरानं मित्राच्या पाठीत धपाटा घातला. नवीन लग्नाचं एक जोडपं एकमेकांना धरून, पाय लटपटत, हसत आलं.

"उतरले," आई म्हणाली.

"हो, उतरले की."

"वरडत व्हते तं?"

"मजा म्हणून ओरडतात, आई."

समोर लिंबाच्या झाडाखाली एक बाकडं होतं, जिथून ते बाहेर पडायचं दार दिसत होतं. तिथं ती जाऊन बसली. आणि मग आमच्या सगळ्या बेताचं वाटोळं झालं. मी शोधून शोधून ठरवलेली हळू आगगाडी शिट्टी वाजवून निघून गेली. होडी राहिली. बाहुल्यांचा खेळ सुरू होऊन संपला. आई बाकड्यावरून उठेना. प्रत्येक वेळी वर किंकाळ्या सुरू झाल्या की ती मूठ आवळायची, दाराकडे बघायची, आणि माणसं बाहेर आली की मूठ सोडायची. "उतरले. तो लाल शर्टवाला बी उतरला." शीतलनं तिच्या हातात दशमी दिली, ती तशीच राहिली. मी आधी कंटाळलो, मग चिडलो, आणि मग माझ्या ध्यानात आलं की वर गेलेली माणसं खाली येताना आईनं इतक्या वर्षांत पाहिलीच नव्हती. मी शेजारी बसलो. थोड्या वेळानं मीही म्हणू लागलो, "उतरले."

ऊन चढलं तसं ओवी चुळबुळ करू लागली. बाकड्याच्या मागंच लाकडी घोडे फिरत होते. तिनं काही मागितलं नाही. नुसती कठड्याला हनुवटी टेकून उभी राहिली. तिची पाठ आम्हाला दिसत होती. शीतल माझ्याकडे बघत होती, मी आईकडे.

"जाऊ दे तिले," आई म्हणाली. "वीतभर त हाय."

ओवी पळत सुटली. तिथं चपला ठेवायला कप्पे होते, पण तिच्या ते डोक्यातच आलं नाही. तिनं दोन्ही चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या, परत पळत आली आणि आईच्या मांडीवर टाकल्या. "धर आजी. मी आलेच."

माझ्या तोंडून 'ओवी' असं निघालं, पण ती गेलीसुद्धा होती. शीतलनं चपला घ्यायला हात पुढं केला. आईनं दिल्या नाहीत. तिनं त्या दोन्ही हातांनी घट्ट धरल्या होत्या, आणि ती घोड्यांकडे न बघता खाली फरशीकडे बघत होती. चक्री सुरू झाली. बाजाचं गाणं लागलं. ओवीचा घोडा निळा होता. तो वर जायचा, खाली यायचा, लपायचा, पुन्हा दिसायचा, आणि दिसला की ओवी हात हलवायची. आम्ही कुणीच हात हलवला नाही. मी बाप्या माणूस, लाकडी घोड्यावरच्या पोरीकडे असा बघत होतो की बघणाऱ्याला वाटावं हिला कुठं लांब पाठवतोय.

चक्री थांबली. ओवी उतरली आणि थेट उन्हातल्या काळ्या फरशीवर उघड्या पायांनी निघाली. अर्ध्यातच नाचू लागली, एक पाय उचल, दुसरा उचल, अशी तंगड्या झाडत आईसमोर आली.

"दे ना आजी लवकर! पाय पोळतात!"

आईचं तोंड मी तेव्हा बघितलं, आणि ते मी विसरणार नाही. तिला जणू कुणी हाक मारली होती. ती बाकड्यावरून खाली उतरली. गुडघे दुखतात म्हणून देवापुढंही जी खाली बसत नाही ती फरशीवर बसली. चपला ओवीच्या पायांपुढं ठेवल्या, एक पाय आपल्या हातात घेऊन आत सरकवला, बंद लावला. मग दुसरा.

"घे माय," ती म्हणाली. "घे. तुह्या तुले."

मग तिनं आपले रिकामे हात उलटेसुलटे करून बघितले. आम्ही कारंजं न बघताच परतलो. वाटेत ओवी झोपली. शीतल माझ्या कानाशी म्हणाली, "बेत झकास झाला तुमचा. एवढं शोधलं आन बाकड्यावर बसून आलो." आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

पुढच्या आठवड्यात आमच्या गावची जत्रा होती. आदल्या दिवशी दुपारी आईनं खोळ काढली. चपला पुसल्या, तेल चोळलं, वाकवून बघितल्या, करकर वाजल्या. पण त्या तिनं परत खोळीत घातल्या नाहीत. मला म्हणाली, "चाल बरं माह्यासंगं." आपल्या चपला घालून ती पुढं निघाली, नामाकाकाच्या चपला हातात धरून.

जत्रेच्या माळावर पाळणा उभा राहत होता. माणसं लोखंडी दांडे एकमेकांत बसवत होती, हातोड्यांचे ठोके लांबपर्यंत ऐकू येत होते. आई तिकडं बघत बघत माळाच्या कडेच्या बाभळीखाली गेली. चपला जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांची तोंडं रस्त्याकडे वळवली. पाहुणा निघाला की आमच्याकडे त्याच्या चपला अशा फिरवून ठेवतात, म्हणजे त्याला नीट पाय घालता येतात.

"घ्या भाऊजी," ती म्हणाली. "लय दिवस सांभाळल्या. आता उनात उघड्या पायानं नका फिरू."

मग ती वळली. आम्ही परत निघालो. मी मागं वळून बघितलं नाही, पण कान मागंच होते. सगळा रस्ता मी ऐकत होतो. कडेच्या हरभऱ्यातून वारा जात होता, हातोड्याचे ठोके येत होते, आमच्या दोघांच्या चपलांचा फटफट आवाज होता. आईची चाल हळू झाली होती, आणि मला कळलं की तीही ऐकतेय. दिवेलागण होत आली तेव्हा आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो. तिथं ती थांबली. मीही थांबलो. बराच वेळ आम्ही उभे राहिलो.

"वाजलं काय रे काही?"

"नाही, आई."

"मलेबी नाई." ती ओट्याची पायरी चढली आणि जिथं बसून दर माघात तेल चोळायची तिथं बसली. "गेला मंग तो," ती म्हणाली. मग तिनं दोन्ही हातांनी पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडू लागली, आणि शेजारच्या घरांतून बाया काय झालं, कोण गेलं म्हणून धावत आल्या.